बहिणींची बसायची जागा

त्या खोलीला वास होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी तिचं कौतुक करतेय असं वाटायचं. नागपूरच्या बसस्टँडच्या एका टोकाला बायकांची वेटिंग रूम होती. भिंतीला लागून लाकडी बाक, उन्हाळ्यात गरम हवाच खाली ढकलणारा पंखा, कोपऱ्यात नळ आणि नळाच्या मागे दोन संडास. त्यातल्या एकाचीच कडी लागायची. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त स्त्रियांसाठी’. आईचा त्या पाटीवर फार जीव होता. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात बाबा आणि मावशीचे यजमान, म्हणजे मावसाजी, दोघांनाही मज्जाव असलेली तेवढी एकच जागा होती.

झालं असं होतं, की माझ्या मोठ्या बहिणीची सोयरीक मावसाजींनी त्यांच्या पुतण्याशी जुळवली होती. साक्षगंध झालं, जेवणावळ उठली, आणि मग कोणीतरी बाबांच्या कानात सांगितलं की मुलगा पितो. बाबांनी सोयरीक मोडली. मावसाजींचं गावात नाक कापलं गेलं. त्यानंतर आमच्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये मावशीचं नाव निघेना आणि उमरेडकडे मावशीच्या घरी आमचं. बहीण दुसरीकडे सुखानं नांदायला गेली, तो पुतण्याही लग्न करून मोकळा झाला, पण हे दोन साडू तसेच तोंड फिरवून बसले. आई आणि मावशीचं आपसात काहीच बिघडलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

म्हणून त्या स्टँडवर भेटायच्या. आई सदरच्या बाजारात कापड घ्यायला म्हणून निघायची, मावशी शुगर दाखवायला म्हणून. मावशीच्या घरचा फोन मावसाजींच्या खिशात, त्यामुळे निघतानाच पुढची भेट ठरायची. पोळा झाल्यावरचा बुधवार, नाहीतर संक्रांतीच्या आधीचा. मी शेंडेफळ, म्हणून पिशव्या धरायला माझी वर्णी लागायची.

आत शिरल्याबरोबर मावशी विचारायची, “आली का वं बाई? किती वाळून राहिली तू?” आई तिच्यापेक्षा चांगली दुप्पट होती, पण दरवेळी हेच. मग डबे उघडायचे. कोराडीच्या वीज केंद्राची राख आईच्या पदराला लागलेली असायची, ती मावशी झटकायची. दुपारी दोघी बाकावर उशाला पिशवी घेऊन आडव्या व्हायच्या, लहानपणी माहेरी झोपायच्या तशा, एकमेकींकडे तोंड करून. सकाळच्या गाडीनं आलेली मावशी संध्याकाळच्या गाडीनं जायची. मधला सगळा दिवस त्यांचा.

बाबांना हे ठाऊक होतं. कसं नसणार? आई कापड घ्यायला जायची आणि कापड कधी आणायचीच नाही. निघताना बाबा तिच्या हातात संत्रा बर्फीचा पुडा द्यायचे आणि पेपरमध्ये डोकं घालून म्हणायचे, “असू दे. रस्त्यात कोणी भेटलं तर.” मला तेव्हा ते फार गोड वाटायचं. आता आठवलं की राग येतो.

मग एके वर्षी वेटिंग रूमला टाळा लागला. दुरुस्तीसाठी बंद. दुरुस्तीची गरज होती, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण खोलीबरोबर संडासही बंद झाले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या दोघींची भेट बाकावर नाही, त्या एका कडीवर चालली होती. बाई घराबाहेर किती वेळ थांबू शकते, तर जेवढा वेळ तिला धरून ठेवता येतं तेवढा. त्यात मावशीला शुगर. फलाटावरच्या बाकावर गप्पा रंगात यायच्या आणि मावशीचे पाय हलायला लागायचे. आई बोलता बोलता त्या पायांकडे बघायची आणि वाक्य आवरतं घ्यायची.

आम्ही काय काय केलं! एका हॉटेलात केवळ त्यासाठी चहा मागवला, तर वेटर म्हणाला, लेडीजसाठी सोय नाही. म्हणजे चहा पोटात गेला आणि पंचाईत दुप्पट झाली. स्टँडच्या मागे पुरुषांचं मात्र मजेत चाललं होतं, त्यांना भिंत पुरते. मावशीनं मग पाणीच सोडलं. सकाळी घरून निघाल्यापासून घोट नाही. मे महिन्यात, आपल्या नागपुरात!

“काहून नाही पिऊन राहिली वं?” आई चिडायची.

“पेलं का जा लागते बाई. जाचं कुठं?”

उपाय शेवटी मावशीनंच शोधला. रामदासपेठेत शुगर दाखवायला ती खरोखरच एका मोठ्या दवाखान्यात जायची. तिथला हॉल थंडगार, खुर्च्या गुबगुबीत, प्यायला पाणी, आणि संडासात चक्क साबण. तर धडधाकट आई आणि जेमतेम आजारी मावशी, एक जुना एक्स-रेचा लिफाफा मांडीवर घेऊन, पेशंट लोकांत जाऊन बसायला लागल्या. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, तुमचा नंबर कितवा, की मावशी चेहरा पाडून म्हणायची, “यायचा आहे अजून.” शेजारच्या बाया त्यांना आपली दुखणी सांगायच्या, ह्या दोघी गंभीरपणे काढे सुचवायच्या, आणि बाई उठून गेली की पदरात तोंड खुपसून हसायच्या. इतकं हसताना मी आईला घरी कधी पाहिलं नाही. त्या दिवसांत मावशी पाणी पीत होती.

पण दोन बाया दरवेळी येतात, दिवसभर बसतात आणि डॉक्टरकडे जातच नाहीत, हे लक्षात येणारच. एकदा गार्ड जवळ आला. बिचारा अदबीनंच बोलला, खुर्च्या पेशंटला कमी पडतात म्हणाला. आई शरमेनं लालबुंद झाली. लिफाफा तिथंच विसरून दोघी उठल्या आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत.

त्यानंतर भेटी आखडत गेल्या. मावशी यायची, उभ्या उभ्या डबा द्यायची, हात धरायची आणि मिळेल त्या गाडीनं परतायची. पुढे पुढे तर एखादा बुधवार चुकायलाही लागला. आई स्टँडवर दोन गाड्या बघायची आणि तिसरीची वाट न बघता म्हणायची, चल.

मावशी दवाखान्याच्या त्या पायऱ्या पुन्हा चढली ती स्ट्रेचरवर. दुखणं किडन्यांपर्यंत पोचलं होतं. डॉक्टरांनी शुगरला दोष दिला. पाणी कमी पीत होत्या का, असंही सहज विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. मी काही डॉक्टर नाही. पण माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

त्याच थंडगार हॉलमध्ये बाबा आणि मावसाजी समोरासमोर आले. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही माणसं. बाबा म्हणाले, “चहा घेता?” मावसाजी म्हणाले, “घेऊ.” बस. दोघं खाली कॅन्टीनला गेले आणि येताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले. सगळ्यांना गहिवरून आलं. मावशी त्या आठवड्यात गेली.

आता मावसाजी आमच्याकडे सारखे येतात. बाबा निवृत्त झाल्यापासून आम्ही कामठी रोडला राहतो. मावसाजी गावाहून गाडीनं शहरात उतरतात आणि पुढे मेट्रो धरतात. त्या दिवशी आले ते स्टेशनवर भलतेच खूश होते. लिफ्ट, सरकता जिना, थंड पाणी, सगळं सांगून झालं. आई चहा घेऊन आली, तर तिलाही सांगायला लागले.

“बाई, तुमी एकदा पाहाच. बायकांसाठी वेगळा संडास, घरच्यावाणी चकाचक. बसाले जागा. आता बाईमाणसाले काही तरासच नाही राहिला.”

बाबांनी मान डोलावली. आईनं कप दोघांसमोर ठेवले. मला वाटलं, ती नेहमीसारखी आत जाईल. ती गेली नाही.

“संडास तर आमच्या दोघींच्याही घरी होता, भाऊजी,” ती म्हणाली. “तुमी दोघं हा चहा तवाच पेले असते, तर मायी बहीण मायाच घरी बसली असती.”

आवाज चढला नव्हता. ती ट्रे घेऊन आत निघून गेली. चहावर साय धरली तरी दोघांचे कप तसेच होते.