कडुनिंबावरचा विंचू

आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबावर विंचू चढलाय, हे आधी बाबांनी पाहिलं आणि मी त्यांनाच वेड्यात काढलं. विंचू म्हणजे ताऱ्यांचा, आभाळातला. भिंतीवर टांगलेल्या माझ्या फोटोत तो झाडाच्या डोक्यावर होता. खऱ्या आभाळात तो तिथे कधीच येत नाही, हे मला कळायला सात महिने लागले. आणि म्हणे मी आभाळाचे फोटो काढते.

धनजच्या अलीकडे आमचा मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मी शाळेत शिकवते आणि अमावास्येला कॅमेरा घेऊन मळ्यात जाते. कॉलेजात एका बाकावर बसणारी माझी मैत्रीण पुण्याला गेली, तरी या कामात आम्ही दोघी होतो. आखणी माझी. आकाशगंगा कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या झाडामागून वर येईल, हे मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये पाहून ठेवायचं. फोटो मी काढायचे. एकाच जागेचे साठ-सत्तर फोटो एकावर एक रचून त्यांचा एक करायचा, तेव्हा कुठे अंधारातलं फिकट काही उजळून येतं. त्या कामाला माझा लॅपटॉप धापा टाकायचा, म्हणून ते तिच्याकडे. "मूळ फोटो मी जपून ठेवलेत गं, तू कार्ड रिकामं कर," ती म्हणायची. मी करायचे. सख्ख्या बहिणीवर ठेवला नसता इतका विश्वास तिच्यावर ठेवला.

माझ्यासाठी बाबा त्या दिवशी मोटरीच्या खोलीवरचा बल्ब बंद ठेवायचे. बल्ब नसला की रानडुकरं येतात. सर्वपित्रीच्या अमावास्येला मी कडुनिंबाचे फोटो काढले, त्या रात्री वांग्याच्या तीन ओळी तुडवल्या गेल्या. मला ते आईकडून कळलं.

पंधरा दिवसांनी तिच्याकडून फोटो आला आणि मी हरखलेच. कडुनिंबामागे आकाशगंगा अशी दाट उभी, की शाळेतल्या बाई माझा हात हातात घेऊन कौतुक करून गेल्या. कारंज्याहून फ्रेम करून आणली. बाबा बाजेवर पडल्या पडल्या बराच वेळ पाहत राहिले.

"हा इचू इकडं कसा आला व? तो तं हिरीकडून निंगते."

विहीर मळ्याच्या आग्नेयेला, कडुनिंब ईशान्येला. मी जवळ जाऊन पाहिलं तर नुसती ताऱ्यांची गर्दी. "बाबा, सॉफ्टवेअरनं न दिसणारे तारे बी दिसतात. तुमाले नाई समजत त्यातलं."

पुढे बाबा येईल त्या पाहुण्याला फ्रेमपुढे उभं करून सांगायचे, "पोरीनं काढला. आपल्याच वावरातला हाये."

एप्रिलात शाळेतल्या पोरांना हे अ‍ॅप दाखवायचं होतं, म्हणून सराव करायला भर दुपारी मळ्यात जाऊन कडुनिंबाकडे मोबाईल धरला. दिवसाही ते झाडामागचे तारे पडद्यावर दाखवतं. बोटाने तास सरकवले, मग महिने सरकवले. पूर्ण वर्ष त्या झाडावरून फिरवलं. विंचू आला नाही. घरी येऊन बाबांच्या बाजेवर पडले आणि तिथून फोटोकडे पाहिलं. लांबून फक्त ठळक तारे उरले, आणि त्यांत आकडा वळवलेली शेपूट स्पष्ट दिसली.

मी फोन लावला.

"अगं, तुझ्या लेन्सवर दव बसलं होतं," ती म्हणाली. "सगळे फोटो धूसर. माझ्याकडे एक तयार आकाश होतं, ते बसवलं. एका क्लिकचं काम. कुणाला कळतंय?"

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू किती खूश होतीस! आणि एवढं काय त्यात, सगळेच करतात."

"माये मूळ फोटो पाठव. धूसर तं धूसर."

ती म्हणाली, "ते मी तेव्हाच उडवले. जागा नव्हती गं."

मी फोन ठेवला. नंतर तिने दोनदा केला, मी उचलला नाही. तिने दव बसलेलं कळवलं असतं तर पुढच्या अमावास्येला मी पुन्हा उभी राहिले असते, बाबांनी पुन्हा बल्ब बंद ठेवला असता. तिने मला फसवलं, आणि वर माझ्या आनंदासाठी फसवलं म्हणून सांगितलं. मला याचाच राग जास्त आला, अजूनही येतो.

संध्याकाळी बाबा मळ्यातून आले तेव्हा मी फ्रेम उतरवत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते हातपाय धुऊन बाजेवर बसले.

"तुमाले तं पैल्याच दिशी दिसला होता," मी म्हटलं. "मंग लोकायले काहून दाखवत होते?"

"तू म्हनली होती ना, मले नाई समजत," बाबा म्हणाले. "मले वाटलं, मायेच डोये खोटे."