पायलटची सर्दी अन् वरचे साहेब

हवाई दलातून रिटायर होऊन हिंगोलीला आलो, पण डोक्यातला राग काही रिटायर झाला न्हाई! डेपोसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो, की एक किस्सा सांगता सांगता दुसरा आठवतो. मी हवाई तळावरच्या दवाखान्यात मेडिकल असिस्टंट होतो. लढाईच्या दिवसांत डॉक्टर मॅडमचं अन् माझं काम एकच, विमानं उडवणाऱ्यांची तब्येत सांभाळायची. दुश्मनाचा त्रास कमी, आपल्याच माणसांचा जास्त!

*

एका पायलटला सर्दी झाली. नाक चोंदलेलं असताना विमान झपकन खाली आणलं, तर कानाचा पडदा फाटू शकतो. मॅडमनं त्याचं उड्डाण बंद केलं. लगेच वरच्या साहेबांचा फोन.

"लढाई चालू आहे आणि तुम्ही सर्दीचं काय सांगता?"

मॅडम म्हणाल्या, "सर, लढाई चालू आहे हे सर्दीला कुणी कळवलं नाही!"

*

रात्री उडणारी पोरं दिवसा झोपत. कोणी बडे पाहुणे त्यांचा सत्कार करायला येणार होते. मग काय, बरोब्बर पोरांच्या खिडकीखाली मांडव, अन् दुपारभर "हॅलो, माइक टेस्टिंग!" पोरं लाल डोळ्यांनी छताकडं बघत पडलेली. मॅडमनं जाऊन वायरच उपटली.

कार्यक्रमवाले साहेब ओरडले, "अहो, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय!"

"मग झोपेतच करा सत्कार!"

*

हेलिकॉप्टरच्या हादऱ्यांनी पायलटांच्या कंबरा धरायच्या. सांगितलं तर उडणं बंद होईल, म्हणून लेकरं चोरून माझ्याकडं बाम मागायला येत. लई वाईट वाटायचं. मॅडमनं सीटसाठी जाड गादी मागितली. वरून उत्तर आलं, "सीट मंजूर नमुन्याची आहे."

मॅडमनं उलट कळवलं, "मग कंबरसुद्धा मंजूर नमुन्याची पाठवा!"

*

लढाई थांबल्यावर सुट्टीला गावी आलो, तर याच हॉटेलात एक जण म्हणतो, "काहून हो, तुमचे पायलट भर लढाईत दिवसा झोपत व्हते म्हणं? आमी इथं रात रात टीव्ही बघून राहिलो व्हतो!"

अशी तिडीक गेली डोक्यात! पण माझ्याआधी हळदीचे व्यापारी युनूसभाईच बोलले, "तुला डुलकी लागली तर हातातला रिमोट पडतो. पायलटला लागली तर काय पडतंय, सांग बराबर!"

*

एक पायलट हेलिकॉप्टरनं जखमी जवानांना आणायचा. रोज उडून उडून त्याचे हात थरथरायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आज नाही."

तो चिडला. "मॅडम, तिकडं पोरं रक्तात पडलीत!"

मॅडमचेही डोळे भरले. "दुसरा क्रू निघालाय. तू बस."

मी त्याला चहा दिला. अर्धा पिऊन होतोय तोच गडी खुर्चीत झोपला. मी हळूच कप काढून घेतला. तेवढ्यात मुख्यालयातून फोन. मॅडमनं उचलला.

"त्याला ताबडतोब पाठवा!"

"तो उपलब्ध नाही, सर."

"आहे कुठं?"

"माझ्यासमोर."

"मग द्या त्याला फोन!"

मॅडमनं रिसीव्हर नेऊन त्याच्या घोरणाऱ्या तोंडाशी धरला.

पलीकडून साहेब विचारत होते, "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?"