प्रसादात काय आहे, ते माइकवर सांगायचं

भर गणपतीत, अख्ख्या चाळीसमोर, माझ्या आत्याने हाफपँटवरूनच माझ्या मांडीत सुई खुपसली. म्हणून मी आज ही पोस्ट लिहितोय.

आज आत्याला जाऊन वर्ष झालं. झोपेतच गेली. कुणाला त्रास नाही, काही नाही.

मला शेंगदाण्याची ऍलर्जी आहे. लहानपणी चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि तोंड सुजून डबा झालं, तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी ऍलर्जी उसळली तर मांडीत मारायचं पेनासारखं इंजेक्शन दिलं, सरावाला एक बिनसुईचं पेनही दिलं. आई-बाबा घाबरून बघत बसले. शिकली ती आत्या. बाबांची मोठी बहीण, लग्न न केलेली, आमच्याच खोलीत राहणारी, ऑफिसातून आली की पर्स खाली ठेवायच्या आधी मला विचारणारी, "काय काय खाल्लंस रे?"

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत गणपतीत रोज एका खोलीकडे प्रसाद. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नलूकाकूची प्रसादाची पाळी होती. शेंगदाण्याचे लाडू.

(आमच्या आरतीला ताशा वाजवायचा तो पक्या आता दुबईत आहे. काय वाजवायचा! असो.)

मला शेंगदाणे चालत नाहीत हे काकूला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तरी तिने मायेने लाडू हातावर ठेवला.

"खा रे झिला. देवाचो प्रसाद असा, बाधूचो नाय."

तिचा खरंच विश्वास होता. आणि प्रसादाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. खाल्ला.

ओठ चुरचुरले. मग घसा आवळला. आवाज येईना. आत्याने गर्दीतून मला ओढलं, बसवलं, टक् आवाज येईपर्यंत पेन दाबलं आणि ओरडली, "टॅक्सी!"

हॉस्पिटलात श्वास नीट यायला लागला, तोवर बाबांचा निर्णय झाला होता.

"आता हा खाली उतरायचा नाही. गणपती बंद, सहल बंद."

"काचेच्या कपाटात ठेवतोस काय पोराला?"

"ताई, मेला असता तो!"

"हो. कारण हे इंजेक्शन मला एकटीलाच येतं. मी ऑफिसात असते तर?"



दुसऱ्या दिवशी आरती संपली आणि आत्याने माइक घेतला. "कुणी जायचं नाही. शिकल्याशिवाय प्रसाद नाही."

नलूकाकू आलीच नव्हती. दार लावून रडत होती. आत्या वर गेली, तिला हाताला धरून खाली आणलं.

"नलू, पहिला हात तुझा."

"माका नको गो बाय. हात थरथरतत."

"थरथरू देत. मांडी मोठी असते."

काकूने बिनसुईचं पेन स्वतःच्या मांडीवर दाबलं. मग क्रिकेटवाली पोरं, मग म्हातारे, शेवटी बाबा. अख्खी चाळ मांडीवर टक् टक्. आत्या मागून ओरडतेय, "ऍलर्जीच्या गोळीवर भागवायचं नाही! आधी इंजेक्शन! बरं वाटलं तरी हॉस्पिटल!"

तेव्हापासून आमच्याकडे ज्याची पाळी, त्याने माइकवर सांगायचं. "आज शिरा. दूध आहे, काजू आहेत." बाहेरचे हसतात. हसू देत. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या चिमुरडीला काजू चालत नाहीत, तिच्यासाठी काकूने वेगळ्या भांड्यात शिरा केला. हे माझ्या आत्याचं काम आहे. छाती फुगते राव.

मला तिने लाजायचं नाही, एवढंच शिकवलं. वडापाववाल्याला विचारायचं, याच कढईत साबुदाणा वडे तळलेस का? ट्रेकला गेलो की आधी मित्रांच्या हातात पेन द्यायचं, मग चहा. कॉलेज अर्धवट सोडलं, नोकरी टिकत नाही, पण हिमाचलपासून कोकणापर्यंत फिरलो. कुठेही मुकाट्याने खाल्लं नाही.

आज सकाळी वर्षश्राद्ध झालं. आता बॅग भरतोय, उद्या ट्रेकला निघायचंय.

बाबा दारात उभे होते. वाटलं, आज तरी थांब म्हणतील.

म्हणाले, "सुईची दोन्ही पेनं घेतलीस? एक्स्पायरीची तारीख बघितलीस? मग जा."

आत्या, तुझा भाऊ पण शिकला गं.

उद्या निघतो. नमस्कार करतो.