हजाराव्या दिवसाचा सोतो

लास्मिनाचं नाक मेलं त्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. साथीच्या तापातून ती उठली, भात गिळायला लागली, अंगात बळही आलं, पण वास म्हणून जो असतो तो काही परत आला नाही. लसूण तळला काय आणि चिंधी जाळली काय, तिला सारखंच. ही गोष्ट तिने एका जिवाला सांगितली नाही. सांगणार कुणाला? नवरा तापाच्या आधीच गेलेला, पोटी मूल नाही. आणि गावाला सांगायचं म्हणजे हातातला डाव खाली ठेवायचा.

कारण लामोंगानच्या त्या टापूत, मासळीच्या तळ्यांमधल्या त्या गावात, सोतो, म्हणजे शेवया घातलेला कोंबडीचा रस्सा, म्हटला की लास्मिना. कुणाचं लग्न असो की सुंता, बाया मदतीला जमायच्या. कुणी कोबी चिरायचा, कुणी अंडी सोलायची, कुणी काचेसारख्या पातळ शेवया भिजत घालायच्या, आणि कोंबडीचा रस्सा ज्या मोठ्या पातेल्यात उकळायचा त्याच्यापाशी लास्मिना बसायची. तिथे दुसरी कुणी बसत नसे. ती हळद, आलं, लसूण वाटायची, गवती चहाची काडी ठेचून टाकायची, डावातला थेंब तळहातावर घेऊन चाटायची आणि म्हणायची, "झालं." ती झालं म्हणाली की झालं. तापानंतरही ती तशीच बसत राहिली. जिभेला खारट-आंबट तेवढं कळायचं, बाकी सगळा हाताचा अंदाज. जेवून उठणारा जो तो म्हणायचा, "छान झालाय, यू." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं अख्खं गाव तिला यू म्हणे. ते ऐकलं की तिला वाटायचं, नाक गेलं तर गेलं, हात शाबूत आहे.

आता इथल्या माणसांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ही माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. नको म्हणायचं असेल तर "हो, बघू" म्हणतात. यायचं नसेल तर "येतो, येतो" म्हणतात. पानात दगड वाढलात तरी दोन चावतील आणि पोट भरलं म्हणतील. लास्मिना त्यातलीच. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या करपलेल्या भाताला छान म्हटलं होतं. पण स्वतःच्या पातेल्याचा प्रश्न आला की माणसाची अक्कल कुठे चरायला जाते देव जाणे!

तर दार्मुजीला जाऊन हजार दिवस भरत आले. नवरा म्हणजे तळ्यांवरचा राखणदार, उभा-आडवा, बोलायला कमी आणि खायला पक्का. त्याचा चाळिसावा झाला तेव्हा लास्मिना सुन्न होती, शंभरावा आला तेव्हा तापाने फणफणलेली. दोन्ही वेळा शेजारणींनीच काहीबाही रांधून वेळ निभावली. वर्षाच्या दिवसाला गाव पाण्याखाली होतं, नुसत्या भातावर भागलं. राहता राहिला हजारावा. तो शेवटचा. त्या दिवशी लोक जमून दुआ मागतात, जेवतात, कबरीवर पक्का दगड बसतो आणि मेलेल्या माणसाला वाटेला लावतात. त्यानंतर त्याच्या नावाने चूल पेटत नाही.

आणि या बाईने नवऱ्याच्या नावाने अजून एकदाही सोतो केला नव्हता. गावभर वाढला, परक्यांच्या लग्नांत वाढला, पण त्याच्या नावाने नाही. हे तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. एकदा तरी त्याच्या आवडीचा, तिच्या हातचा, अगदी जसा हवा तसा व्हायला हवा होता, आणि त्यासाठी एकच दिवस उरला होता.

दार्मुजीची आवड म्हणजे कोया. कोळंबीचे पापड तळायचे, लसणाचे काप तळायचे, दोन्ही कुटून त्याचा भुगा करायचा, तो कोया. इतर लोक वाढलेल्या वाटीवर चमचाभर भुरभुरतात. दार्मुजी इतका घालायचा की रस्सा पार पिठल्यासारखा घट्ट व्हायचा. म्हणून लास्मिनाने आठवडाभर आधीच डबाभर कोया कुटून ठेवला. दिवस पावसाळी. स्वयंपाकघरात ओल, वर मुंग्यांचा सुळसुळाट. कोया सादळला की संपलं. घरात कोरडी जागा एकच होती, दार्मुजीच्या कपड्यांचं कपाट. त्याचे शर्ट तिने अजून कुणाला दिले नव्हते. शर्टांच्या मधे तिने डबा सारला. झाकण जरा सैल होतं, वर फडकं बांधलं आणि दार लावून घेतलं.

दिवस उजाडला तशी शेजारची जुमारोह दारात हजर. वयाने दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ म्हणून गावात बदनाम. म्हणजे इथल्या मानाने फटकळ. इतर कुठे तिला मवाळच म्हटलं असतं.

"यू, मी रश्शाकडे बघते. तू जरा आंघोळ कर, पाहुण्यांकडे बघ."

"या पातेल्याला आज कुणी हात लावायचा नाही, जुमा."

"हात नाही लावत. नुसती चव बघते."

"का? माझी जीभ झडलीय?"

"तसं कोण म्हणतंय, बाई. थकशील म्हणून म्हटलं."

"तो खात होता तेव्हा नाही थकले. जा, ती अंडी सोल."

जुमारोह अंडी सोलायला बसली. पण लास्मिना लिंबाची पानं तोडायला परसात गेली तेवढ्यात ती उठली, डाव बुडवला, चाखलं, चिमूटभर मीठ आणि जरा मिरपूड टाकली आणि पुन्हा येऊन बसली. लास्मिनाला याचा पत्ता नव्हता.

सूर्य बुडाल्यावर पुरुषमंडळी आली. चटया भरल्या. मशिदीच्या मोदिनांनी दुआ सांगितली, सगळ्यांनी माना हलवत नाव घेतलं. दार्मुजीचं नाव इतक्या तोंडांतून एकदम निघालं तेव्हा आत वाट्या मांडणारी लास्मिना भिंतीला टेकून रडली. मग डोळे पुसले आणि कामाला लागली. शेवया, कोबी, कोंबडीचे धागे, अंड्याची फोड, वरून उकळता रस्सा. शेवटी कपाटातून डबा काढला आणि प्रत्येक वाटीवर स्वतःच्या हाताने कोया घातला. मूठ मूठ घातला, दार्मुजी घालायचा तसा. वाटी भरली की उचलून बाहेर. घरी न्यायच्या पुड्यांसाठी तिने कोया आधीच लहान पिशव्यांत भरून लाल दोऱ्याने बांधून ठेवला होता.

बाहेर एकाएकी शांत झालं. चमचे थांबले. लास्मिना पडद्याआडून ऐकत होती. मग मोदिनांनी घसा साफ केला, चमचा वाजला, आणि मागोमाग सगळ्यांचे वाजायला लागले. वाट्या परत आल्या त्या चाटूनपुसून रिकाम्या. निघताना जो तो दारात वाकून म्हणाला, "छान झाला होता, यू." मोदिन तर दोनदा म्हणाले. जुमारोह कोपऱ्यात उभी होती, तोंडाला पदर लावून. रडतेय बिचारी, असं लास्मिनाला वाटलं. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी ती जुमारोहचं मोठं पातेलं परत द्यायला निघाली. गल्लीच्या कडेला गटार आहे. पावसाने ते तुडुंब वाहत होतं आणि पुलाच्या फळीपाशी कचरा अडकून बसला होता. त्या कचऱ्यात तिला लाल दोरा दिसला. मग दुसरा दिसला. तिने पातेलं खाली ठेवलं आणि काठीने ओढून बघितलं. तिच्याच पिशव्या. गाठसुद्धा न सोडलेल्या, कोयाने भरलेल्या, आणि एकदोन नव्हे, चांगल्या ढीगभर.

जुमारोहच्या अंगणात शिरली ती ओली पिशवी हातात घेऊनच.

"हे काय गं?"

जुमारोहने पिशवीकडे बघितलं, मग बदकांकडे. "बदकांनी ओढली असेल. ही मेली काही ठेवत नाहीत."

"बदकं सगळ्या गावाच्या घराघरांत जाऊन आली का?"

जुमारोहने हातातलं सूप खाली ठेवलं.

"जुमा, तुझी थोरली बहीण म्हणतेस ना मला? मग बोल."

"काय बोलू, यू? झालं गेलं."

"बोल म्हणते ना."

आणि मग जुमारोह बोलली. खाली बघत, बोटाने सुपाची काडी उकरत. "कोयाला कापराचा वास होता. नुसता वास नाही, दर्प. गरम रश्शावर पडला आणि घरभर उठला."

लास्मिनाला आधी उमगलंच नाही. मग कपाट आठवलं. दार्मुजीच्या शर्टांना कसर लागू नये म्हणून घड्याघड्यांत ठेवलेल्या कापराच्या वड्या आठवल्या. तिनेच ठेवल्या होत्या. दर पावसाळ्यात बदलत होती.

त्या गावात कापूर दोनच जागी असतो. एक कपड्यांच्या कपाटात. दुसरा, प्रेताला आंघोळ घालायच्या शेवटच्या पाण्यात. काल चटईवर बसलेल्या माणसांतल्या निम्म्यांनी दार्मुजीला आंघोळ घातली होती, आणि त्याच्याच घरात, त्याचं नाव घेऊन झाल्यावर, त्यांच्या पुढ्यात वाफाळत तोच वास आला होता.

"आणि तरी खाल्लं?"

"मग काय, तुझ्यासमोर वाटी सरकवायची? मोदिनांनी पहिला घोट घेतला, मग बाकीच्यांना घ्यावाच लागला. पलीकडच्या गल्लीतला तो वर्दोयो घरी जाऊन ओकला म्हणे." तिने आवाज खाली आणला. "काहीजण म्हणतात, दार्मुजीच येऊन बसला होता. तुझ्या प्रेमाने आला म्हणतात."

लास्मिना पायरीवर बसली. तो येऊन बसला असता तर! आणि आला असता तरी अख्ख्या घरात फक्त तिलाच कळलं नसतं.

"माझं नाक गेलंय, जुमा," ती म्हणाली. "तापापासून."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणजे?"

"पहिल्याच लग्नात कळलं. लसूण करपला होता आणि तू झालं म्हणालीस. तेव्हापासून तू उठलीस की मी पातेल्याशी बसते. कधी मीठ, कधी आलं. एकदा तर रस्सा ओतून नवा केला, तू पाहुण्यांत होतीस तेव्हा. सगळ्या बायकांना माहीत आहे. तुझं मन दुखवायचं नव्हतं गं कुणाला. काल पण रस्सा मी बघितला होता. कोया कपाटात आहे हे मला कुठे माहीत?"

अडीच वर्षांत किती लग्नं झाली, किती सुंता, किती जणांनी दारात वाकून छान म्हटलं, ते सगळं लास्मिनाच्या डोळ्यांपुढून गेलं. ते बोलणं जुमारोहच्या हाताला होतं, नाहीतर नुसतं तोंडदेखलं. तिच्या वाटणीला त्यातलं काहीच नव्हतं. तिला राग आला, पण कुणावर काढायचा? या बायकांनी तिचं काय वाकडं केलं होतं? मायेनेच तर केलं होतं सगळं.

तिथून ती तशीच मोदिनांकडे गेली. म्हणाली, "जेवण पुन्हा घालते. त्याच्या वाटणीचं बिघडलं."

मोदिन म्हणाले, "हजारावा एकदाच असतो, यू. दगड बसला. आता त्याला मागे ओढू नका." मग म्हणाले, "आणि बिघडलं कुठे? छान झाला होता."

काय म्हणावं या माणसाला! पण तो वाईट नव्हता. त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

चार दिवस लास्मिना घराबाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी तिने एक कोंबडी आणली आणि जुमारोहला हाक मारली. दुआ नाही, चटया नाहीत, पाहुणे नाहीत. लहान पातेलं चुलीवर चढवलं. नवे पापड तळले, लसूण तळला, तिथल्या तिथे कुटला.

"तू हुंगत राहा," ती म्हणाली. "करपायला लागलं की सांग. या वेळी मन राखू नकोस माझं."

"नाही राखत."

जुमारोह खरोखरच सांगत राहिली. आता लसूण काढ. आता आलं जास्त झालं, रस्सा वाढव. पानं अजून दोन टाक. लास्मिना मुकाट्याने ऐकत होती. जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या नाकाने रांधत होती. शेवटी एक वाटी भरली, वर मूठभर कोया घातला, इतका की रस्सा घट्ट झाला, आणि वाटी जुमारोहपुढे ठेवली.

"त्याच्या वाटणीची तू खा. आणि सांग, त्याला द्यायचे तसा झालाय का?"

जुमारोहने एक घोट घेतला, दुसरा घेतला. तिचे डोळे भरून आले. "तसाच झालाय, यू. अगदी तसाच."

"खरं?"

"खरं."

लास्मिना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. भरलेले डोळे, थरथरणारे ओठ, सगळं खरंच दिसत होतं. हजाराव्या दिवशीही जुमारोह कोपऱ्यात अशीच उभी होती.

"आईची शपथ घेते, यू. मेलेल्या आईची."

"शपथ नको. खा, गार होईल."

जुमारोह खाऊ लागली. मधेच तिने मान वर करून विचारलं, "तुझा विश्वास बसला ना?"

"बसला की," लास्मिना म्हणाली, आणि हसून तिची वाटी पुन्हा भरली.