किडीचा वाफा

साठ सालच्या आसपास मुळशीत संशोधनासाठी माझे वांग्यांचे दोन वाफे होते. एकावर औषध मारायचं, दुसऱ्यावर कीड वाढू द्यायची आणि फरक बघायचा. पण शेजारच्या शेतातली एक बाई रोज पाण्याला जाताना त्या दुसऱ्या वाफ्यात शिरायची. सुकलेला शेंडा खुडायची, आतली अळी अंगठ्याखाली चिरडायची आणि लुगड्याला हात पुसत चालू लागायची. काट्यांचं कुंपण घातलं, तर ते बाजूला सारून आत. शेवटी वैतागून म्हणालो, "बाई, मला कीड वाढवायचीच आहे."

तिने डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. "सायेब, तुमच्या घरी ठावं हाय का ह्ये?"

दुसऱ्या सकाळी वाफा पुन्हा साफ होता, आणि माझ्या फवारणीच्या पंपावर देवळातल्या अंगाऱ्याची पुडी ठेवलेली होती.