नकाशेवाल्या बाईंचा सातवा खंड

भूमापन कचेरीत लागल्या तेव्हा नकाशेवाल्या बाई एकवीस वर्षांच्या होत्या. काम एकच. जुना नकाशा काचेच्या टेबलावर ठेवायचा, खालून दिवा लावायचा, वर पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघेवर रेघ ओढायची. स्वतःची रेघ घातली की मेमो. कागदाला ओल लागू नये म्हणून त्या खोलीला खिडकी ठेवलेली नव्हती. अकरा वर्षं बाईंनी मान मोडून दुसऱ्यांच्या नद्या गिरवल्या.

एकदा कागदाच्या उरलेल्या पट्टीवर त्यांनी कुठेच नसलेली नदी काढली. नदी आली म्हणून डोंगर आला, डोंगरावर किल्ला आणि किल्ल्यात पंख छाटलेली राणी. घरी सासूबाई लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या, जेवायला नाही म्हणायच्या. बाई त्यांना घासागणिक राणीची गोष्ट सांगू लागल्या.

"गिळते गं बाई! पण त्या राणीचं काय झालं ते आधी सांग."

गोष्टीत राणीची एक तोंडाळ दाई आली. ती कोणावर बेतली आहे हे सासूबाईंनी लगेच ओळखलं आणि तिला जास्त बोलायला लावलं.

वह्या भरल्या, पुस्तक निघालं, हातोहात खपलं. प्रकाशकाने करार पुढे केला, बाईंनी न वाचताच सही ठोकली आणि नोकरी सोडली. सुटले एकदाची, असं त्यांना वाटलं.

कसलं सुटणं! वर्षाला एक खंड. तिसऱ्या खंडानंतर सासूबाई गेल्या. "मग पुढे?" विचारायला आता फक्त प्रकाशकाचा फोन यायचा. कचेरीत निदान पाचला सुट्टी व्हायची. सहाव्या खंडात बाईंनी राणीला पंख फुटवले, समुद्रापार उडवून दिलं आणि विषय संपवला. मग बिनखिडकीच्या खोलीवरची नवी कादंबरी घेऊन त्या प्रकाशकाकडे गेल्या.

त्याने दोन पानं चाळली. "यात उडतं कोण?"

"कोणीच नाही. सगळे बसलेले आहेत."

"मग वाचणार कोण? सातवा खंड आणा."

"नाही लिहिणार."

"नका लिहू," तो गोड आवाजात म्हणाला. "करारात ते राज्य आमचं आहे, त्यावरचं तुमचं नावही. लिहिणारे पुष्कळ मिळतात."

आठ महिन्यांनी सातवा खंड घरी आला. वर बाईंचंच नाव. उघडायचा नाही असं ठरवून त्यांनी तो उघडला. चाळिसाव्या पानावर नदी चक्क डोंगर चढत होती. तेही त्यांनी पोटात घातलं. पण साठाव्या पानावर दाई तापाने मेली होती. एका ओळीत. शेवटचा शब्दही न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रकाशकासमोर उभ्या होत्या. "ती मेलेली नाही. पुढचा खंड मी लिहीन." त्याने पुढच्या तीन खंडांचा कागद सरकवला. या खेपेला बाईंनी तो अक्षर न् अक्षर वाचला आणि तरी सही केली.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. "अगं, दार सताड उघडं होतं! आपल्या पायांनी परत आत गेलीस?"

"तिला तिथे एकटीला टाकू?" बाई म्हणाल्या.

सध्या आठव्या खंडाचं तिसरं प्रकरण चालू आहे. दाई उठून बसली आहे, शिव्याही देते. बाईंची मान दुखते, खोलीवरची कादंबरी कपाटात पडून आहे, आणि आणखी दोन खंड बाकी आहेत.