कॅमेऱ्यापुढचं भात

जहाजावर निघताना आईने बॅगेत नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी कोंबली. "जिथं ऱ्हाशील तिथं दारावर बांध. रिकामं दार बरं नाय." आमच्या कैनाड गावात नवं भात घरात आलं की आम्ही दारावर लोंब्या बांधतो. मी डेक कॅडेट, म्हणजे अधिकारी व्हायला निघालेली शिकाऊ. त्या मालवाहू जहाजावर एकटीच मुलगी. पण आईपुढे कुणाचं चालतं?

लोखंडी दारावर खिळा कुठे ठोकणार? वर कॅमेऱ्याची पट्टी होती, तिलाच जुडी लटकवली. खलाशांच्या सुरक्षेसाठी नव्या नियमाने केबिनबाहेरच्या बोळात कॅमेरे बसले होते, चित्र आणि आवाज दोन्ही टिपणारे. लोंब्या नेमक्या भिंगापुढे आल्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही. गाढवपणा, दुसरं काय!

चीफ ऑफिसरच्या मात्र लक्षात आलं होतं. कॅमेरे रोज तपासून वहीत सही करायचं काम त्याचंच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. दुपारी चहाच्या वेळी बोळ रिकामा झाला की हा माझं दार वाजवायचा, दाराची मूठ फिरवून बघायचा.

महिन्याभराने मी कप्तानाकडे तक्रार केली. चीफ म्हणाला, "पोरीला भास होतात, सर. रेकॉर्डिंग बघा ना."

पडद्यावर भात डुलत होतं. कुठलाही दिवस लावा, भातच.

"हे काय?" कप्तानाने विचारलं.

"भात, सर. आमच्या शेतातलं."

चीफ गालातल्या गालात हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा पुरावा मीच झाकून ठेवला होता, आणि खोटारडी ठरलेल्या पोरीला पुढे कुठलं जहाज घेणार?

कप्तानाने सह्यांची वही ओढली. "रोज 'कॅमेरा ठीक' लिहिलंयस. महिनाभरात हे पीक एकदाही दिसलं नाही?"

चीफचं हसू मावळलं. कप्तानाने रेकॉर्डिंगचा आवाज वाढवला. दाराची मूठ करकरली. "उघड ना, कुणाला कळणार नाही," चीफचाच लाडिक सूर. त्याला पुढच्या बंदरात उतरवायला तेवढं पुरलं.

पण रेकॉर्डिंग चालूच होतं. बूट दूर गेले, आणि केबिनच्या आतून काहीतरी फरफटत दाराशी आलं. दुसऱ्या दिवशीचं लावलं, तेच. तिसऱ्या दिवशीचं, तेच.

"हा कसला आवाज?"

हे मी तक्रारीत लिहिलं नव्हतं. फोनवर आईला तर नुसत्या फुशारक्या मारल्या होत्या.

"खुर्ची, सर," मी म्हणाले. "तो गेला की मी दाराला लावायचे. मला फार भीती वाटायची."